ज्येष्ठ अभिनेत्रीला मानद डी. लिट. : प्रस्तावापासून मानपत्रापर्यंत

रंगभूमी आणि चित्रपट या दोन्हींसाठी उभी हयात वेचलेल्या अभिनेत्रीला आपल्या विद्यापीठाने डी. लिट. द्यावी असे मनापासून वाटत असेल, तर दीक्षान्त समारंभाच्या निदान वर्षभर आधी कामाला लागावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे मानद पदवीची शिफारस व्यवस्थापन परिषद अधिसभेकडे करते. परिषदेपुढे विषय येण्यापूर्वी कुलगुरूंना कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, मान्यता घ्यावी लागते आणि पुढे अधिसभेत उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मते अनुकूल पडावी लागतात. म्हणून बाईंची संमती आधी खाजगीत घ्यावी आणि सर्व टप्पे पार पडेपर्यंत नाव वर्तमानपत्रांत जाऊ देऊ नये. प्रस्ताव मध्येच अडला, तर उतारवयातील कलावंताला होणारे दुःख आपल्या उत्साहाच्या पदरात पडते.

प्रस्तावाचा जीव असतो तो कामाच्या तपशिलात. चित्रपटांचे काम तुलनेने सोपे, कारण पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून प्रती, भित्तिपत्रके आणि पुस्तिका जपत आले आहे. नाटक मात्र पडदा पडला की संपते. त्याचा माग हस्तपत्रके, स्मरणिका, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे आणि घरातल्या कात्रणांच्या वह्यांतून काढावा लागतो. एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या घरी मला अशी एक वही पाहायला मिळाली. खळीने चिकटवलेल्या जाहिरातींवर नाट्यगृह, वार, तारीख, ‘रात्रौ ९।। वाजता’ असे सगळे होते, पण साल एकाही कात्रणावर नव्हते. अशा वेळी तारीख आणि वार यांचा मेळ जुन्या दिनदर्शिकेशी घातला, तर दोन-तीनच साले उरतात, आणि मग ग्रंथालयातील वर्तमानपत्रांच्या फायलींत नेमका अंक सापडतो. हे काम कष्टाचे आहे, पण ते टाळू नये. चुकीचे साल मानपत्रात छापले गेले की पुढचे अभ्यासक तेच उचलतात.

मानपत्रात विशेषणांना आवर घालावा. दुर्गा खोटे यांना केवळ ‘महान अभिनेत्री’ म्हटल्याने वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. परंतु प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी चित्रपटात काम करणे समाजाला रुचत नव्हते अशा काळात, १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या तारामती म्हणून उभ्या राहिल्या, असे लिहिले की त्यांचे मोठेपण आपोआप समोर येते. ज्योत्स्ना भोळे यांच्याविषयी लिहिताना १९३३ चे ‘आंधळ्यांची शाळा’ असेच पुढे ठेवता येईल, कारण पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची रीत रुळलेली असताना त्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. भूमिका, साल आणि त्या भूमिकेने काय बदलले, एवढे प्रत्येक वाक्यात यावे. मजकूर तीन मिनिटांत वाचून होईल इतकाच असावा आणि वाचणाऱ्याने तो आदल्या दिवशी मोठ्याने वाचून पाहावा, कारण ऐकणारीचा कान शब्दफेकीवरच तयार झालेला असतो.

नावाचे विशेष भान ठेवावे. माहेरचे, सासरचे आणि रंगमंचावरचे अशी तीन नावे असू शकतात. पदवीपत्रावर कोणते हवे ते बाईंनाच विचारावे आणि तेच मानपत्रात, निमंत्रणपत्रिकेत आणि उद्घोषणेत वापरावे.

समारंभाचा गाऊन आदल्या दिवशी साडीवर घालून पाहावा, टोपी अंबाड्यावर नीट बसते का तेही पाहावे. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नसेल तर विद्यार्थिनी सोबत द्यावी. भाषणासाठी किमान दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि ध्वनिक्षेपक मेजाला जखडलेला न देता सुटा द्यावा, म्हणजे त्यांना मेजामागून बाहेर येऊन, सवयीप्रमाणे, प्रेक्षकांकडे पाहून बोलता येईल.