कमांडर खेळताय? टेबलावर दुसऱ्या नंबरवर राहा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात दोघांच्या डावात भले भले तरबेज, पण त्यातल्याच ‘कमांडर’ या प्रकारात चौघांच्या टेबलावर बसले की सपाटून हरतात. भाच्याच्या कंपूत दर शनिवारी हेच बघते. तिथे मला सगळे मावशी म्हणतात, आणि मावशीवर पहिला हल्ला करायला कोणालाच लाज वाटत नाही.

आधी हिशेब. प्रत्येकाला ४० लाइफ (शून्य झालं की बाद), म्हणजे तुमच्यासमोर एकूण १२० लाइफ उभं आहे. एक पत्ता खर्चून तुम्ही एकाचा क्रीचर (हल्ला करणारा, अडवणारा पत्ता) मारलात, की तुम्ही दोघंही एकेका पत्त्याने मागे आणि बाकीचे दोघं फुकटात पुढे. म्हणून रिमूव्हल, म्हणजे दुसऱ्याचा पत्ता घालवणारा पत्ता, हात सळसळतोय म्हणून वापरायचं नाही. समजा, तुमच्या हातात ‘सोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ हा एका पांढऱ्या मानात (माना म्हणजे पत्ते टाकायला लागणारी, लँडच्या पत्त्यांतून मिळणारी शक्ती) क्रीचर घालवणारा पत्ता आहे आणि समोरच्याने भलामोठा ड्रॅगन उतरवला. तो ड्रॅगन कोणाकडे वळतोय ते बघा. शेजाऱ्याकडे वळला तर तुमचं काय जातं? एक पांढरा माना उघडा, म्हणजे न वापरता, ठेवून गप्प बसा. बरेचदा तो उघडा माना बघूनच ड्रॅगन तुमच्याकडे यायचं टाळतो.

उलट, सगळे ड्रॅगनकडे बघत असताना कोपऱ्यात ‘ऱ्हिस्टिक स्टडी’ ही एन्चँटमेंट (टेबलावर राहून परिणाम करणारा पत्ता) पडलेली असते. तुम्ही स्पेल (लँड सोडून कुठलाही पत्ता) टाकलात आणि एक माना जास्त भरला नाहीत, की तिचा मालक एक पत्ता ओढणार. नवखे म्हणतात, ‘घे की एक पत्ता!’ असे तिघांनी तीन-चार वेळा म्हटलं की त्याच्या हातात अख्खं दुकान येतं. तो एक माना भरा, आणि बाकीच्यांनाही भरायला लावा. माझ्या मते टेबलावरचा पहिला नंबर त्याचाच. तुम्ही त्याच्या सावलीत दुसऱ्या नंबरवर राहायचं. तिसऱ्या-चौथ्यावर नको, तिथून डाव फिरवायला पत्तेच उरत नाहीत.

सुरुवातीचे सात पत्ते वाईट आले तर बदला. चौघांत पहिला मलिगन (हातातले पत्ते बदलणं) फुकट असतो. तीन-चार लँड हवेतच.

आता उत्तरं देण्याचा क्रम, जो कोणी नीट शिकवत नाही. कोणी स्पेल टाकला की उत्तराची संधी आधी त्याच्या डावीकडच्याला मिळते, मग पुढे सरकते. तुम्ही त्याच्या लगेच डावीकडे असाल आणि रांगेतल्या शेवटच्या खेळाडूकडे निळे माना उघडे असतील (काउंटर, म्हणजे स्पेल रद्द करणारे पत्ते, बहुधा निळे असतात), तर खुशाल ‘पास’ म्हणा. त्याच्या मागे कोणीच नाही, काउंटर त्यालाच जाळावा लागतो. मात्र तो स्पेल डावच संपवणारा असेल, तर दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका. सगळ्यांनी पास केलं की स्पेल लागला.

हल्ला करताना मोजा: तुमचे क्रीचर हल्ल्यात आडवे झाले (म्हणजे आता अडवू शकत नाहीत) की पुन्हा उभे होईपर्यंत तीन जणांचे टर्न जाणार. मागे कोण अडवणार? ‘प्रोपगंडा’ किंवा ‘घोस्टली प्रिझन’ असेल तर लवकर उतरवा. तुमच्यावर येणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे दोन माना मोजायचे म्हटलं की लोक शेजाऱ्याचं दार ठोठावतात.

तह करा, पण मुदतीचे. मेंढीकोटात समोरचा आपला भिडू असतो, ती सवय घरी ठेवून या. ‘आपण दोघं एकत्र’ हा तह नव्हे. ‘तुझ्या पुढच्या टर्नपर्यंत मी तुझ्यावर हल्ला करणार नाही, तू आत्ता ती एन्चँटमेंट फोड’ हा तह.

कोणाला आधी बाद करायचं यावरही विचार हवा. खेळाडू गेला की त्याचे सगळे पत्ते त्याच्याबरोबर जातात. ज्याच्या एन्चँटमेंटने तिसऱ्याला जखडून ठेवलंय, त्यालाच मारलंत तर तिसरा मोकळा सुटतो. सात ताकदीचा कमांडर (डेकचा म्होरक्या पत्ता) एकाच खेळाडूला तीनदा लागला की २१ होतात आणि तो खेळाडू बाद, लाइफ कितीही असो. त्यामुळे कमांडरचे घाव तिघांत वाटू नका.

शेवटचा घाव एकदम घाला. ‘एक्सँग्विनेट’मध्ये एक्स (त्यात ओतलेले जादा माना) १२ केलात तर तिघांचं बारा-बारा लाइफ जातं आणि तुम्हाला ३६ मिळतं. त्याआधी निळ्यावाल्याचे उघडे लँड मोजा. काउंटरला दोन-तीन मानाही पुरतात. तुमची भिस्त क्रीचरवर असेल तर सात मानांपासून सावध. सात माना भरून टाकलेली ‘सायक्लॉनिक रिफ्ट’ तुमचं लँड सोडून सगळं उचलून हातात परत देते. अशा वेळी एक टर्न थांबा आणि ते सात माना दुसऱ्या कोणावर खर्च होतायत का ते बघा.