इंदूरला घर बांधताय? पलंग कुठे येणार ते आधी ठरवा

इंदूरच्या आमच्या घराला आता चार पावसाळे झाले. बांधकाम चालू असताना मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी येताना साइटवर जात होतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. आतलं काम स्लॅब पडल्यावर सुरू होत नाही, ते पाया खणण्याआधी सुरू होतं. पलंग, देवघर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या जागा पक्क्या झाल्याशिवाय नकाशा नगर निगमात देऊ नका.

कागदपत्रं त्याहून आधी. रजिस्ट्री (खरेदीखत), नामांतरण (नोंदीत मालकाचं नाव बदलणं), जमिनीचं डायव्हर्शन (शेतीची जमीन बिगरशेती होणं) आणि कॉलनीच्या ले-आउटला नगर तथा ग्राम निवेश या नगररचना खात्याची मंजुरी, हे चारही वकिलाकडून तपासून घ्या. शहराच्या कडेला अवैध कॉलन्या पुष्कळ आहेत आणि स्वस्त प्लॉटच्या मोहात चांगली शिकलेली माणसंही अडकतात.

आता नकाशा. दहा बाय बाराची खोली कागदावर प्रशस्त दिसते. म्हणून आम्ही प्लॉट साफ करून पांढऱ्या फक्कीने सगळ्या खोल्या खऱ्या मापात आखल्या. बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या साडेचार इंची, दारं कुठल्या बाजूला उघडणार तेसुद्धा. पलंगाच्या जागी सतरंजी अंथरली. आई म्हणाली, "रात्री उठले की बाथरूमला कशी जाणार, ते चालून बघू दे." चालली, तर अख्ख्या बैठकीला वळसा पडत होता. दार तिथल्या तिथे दुसऱ्या भिंतीत नेलं. तेव्हा फक्की पुसावी लागली, पुढे भिंत फोडावी लागली असती.

ओट्याची उंचीही अशीच ठरवा. साधारण 32 ते 34 इंच ठेवतात, पण स्वयंपाक करणाऱ्याच्या उंचीप्रमाणे ती बदलायला हवी. आम्ही विटा रचून वर फळी आणि पोळपाट ठेवला आणि बायकोने खरोखर चार पोळ्या लाटून पाहिल्या. खांदे वर उचलावे लागले, एक वीट काढली, जमलं. हे माप फरशी बसल्यानंतरचं धरा. फरशी आणि खालचा मसाला मिळून दोन-अडीच इंच जातात, आणि मिस्त्री पुष्कळदा कच्च्या जमिनीपासून मोजतो.

माळव्यात पायाचा खरा शत्रू काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभं राहिलेलं घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं बसतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात, पुट्टी कितीही भरा. काळा थर संपून मुरूम किंवा कडक जमीन लागेपर्यंत खणा. थर फार खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइल्सबद्दल, म्हणजे तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या पायाबद्दल, विचारा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. खणलेली काळी माती प्लिंथमध्ये, म्हणजे घराच्या जोत्यात, परत भरू देऊ नका. ठेकेदाराचा वाहतुकीचा खर्च वाचतो, पुढे तुमची फरशी उचलली जाते. मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून ठोकून. आणि प्लिंथ रस्त्यापेक्षा अडीच-तीन फूट वर घ्या. सिमेंटचा रस्ता पुन्हा झाला की वर येतो, आणि जुनी घरं खड्ड्यात बसल्यासारखी होतात.

हौद पायाबरोबरच बांधून घ्या. 1978 पासून जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला येतं, पण नळ रोज येईलच असं नाही, म्हणून किमान तीन दिवसांचा साठा हवा. गच्चीच्या पाण्याचीही सोय करा. 100 चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर पाणी, आणि इथे वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

स्लॅबच्या दिवशी सुट्टी घ्या. त्या दिवशी पाण्याच्या बादलीवर लक्ष ठेवायचं. एम-20 या घरासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रतीच्या काँक्रीटच्या साध्या मिश्रणात सिमेंटच्या 50 किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, रेती ओली असेल तर आणखी कमी. पंधरा लिटरच्या दोन बादल्या मी स्वतः बाजूला काढून ठेवल्या होत्या. अकराच्या सुमारास मिक्सरवाल्याने तिसरी उचलली. "बाबूजी, गाढ़ा है, फैलेगा नहीं." जास्तीच्या पाण्याने माल पसरतो, पण सुकताना आत बारीक पोकळ्या राहतात, स्लॅब कमजोर होतो आणि पुढे गळतो. घट्ट माल व्हायब्रेटरने बसवायचा असतो. मी काम थांबवलं, दुसरा व्हायब्रेटर मागवला, तासभर गेला. त्या तासाचं मला आजही समाधान आहे.

स्लॅब टाकण्याआधी सरियाखाली (लोखंडी सळ्यांखाली) त्यांना तळापासून वर धरणारे कव्हर ब्लॉक आहेत का, पंख्यांचे बॉक्स खऱ्या पलंगावर येतात का, हे बघून घ्या. दुसऱ्या दिवशी मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी साठवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 10 दिवस. टेकू काढण्याची घाई सगळ्यांना असते, कारण सेंट्रिंगचं सामान भाड्याचं. लहान गाळ्यांना (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) 7 दिवस चालतात, साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्यांना आणि बीमना 14, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीम असेल तर 21.

प्लास्टरआधीचा आठवडा इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि सुतार या तिघांना एकदम बोलावण्याचा. विटेच्या तुकड्याने भिंतींवर कपाटं, पलंग, टीव्ही काढा आणि मगच स्विचबोर्डच्या खुणा करा. आमच्या नात्यात एकांकडे बेडरूमचा मुख्य बोर्ड कपाटामागे गेला, आता ते कपडे सरकवून दिवा लावतात. दिव्यांना 1.5, पॉवर पॉइंटला 2.5 आणि एसी-गीझरला 4 चौरस मिलिमीटरची तार सर्वसाधारणपणे लागते. वीट आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका. पाइप झाकण्याआधी मोजपट्टी लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. गेल्या वर्षी गीझर बदलताना तेच फोटो कामाला आले.

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी साठवून खालून छत तपासा. टाइल पक्की होण्याआधी मग्गाभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते वाकून बघा. दाराकडे एक धार जरी आली तरी टाइल उचलायला लावा.

सुतारकाम भिंती वाळल्यावरच सुरू करा, भर पावसाळ्यात नको. सिंकखाली आयएस 710 (मरीन) प्लाय, बाकी स्वयंपाकघरात बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय. भाव ठरवताना चौरस फूट कशाचा ते लिहून घ्या, समोरच्या दारांचा की आतल्या फळ्यांसकट. भांडणं इथेच होतात. बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल स्वतः जाऊन आणा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, काम आधी आणि हप्ता नंतर. शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा गेल्यावर द्यायचे, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.