चिरा ठरवण्याआधी पावसात सड्यावर जा

कोकणात बांधकामात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगतात की स्थानिक दगड वापरा, निसर्गाचं नुकसान कमी होतं. जांभ्याबाबत, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र दगडाबाबत, हे अर्धंच खरं आहे. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, भाजावा लागत नाही, लांबून आणावा लागत नाही. पण तो सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, कापून निघतो.

मी रत्नागिरीकडे घरांची कामं करतो. चिरेखाण बघायला बहुतेक जण एप्रिल-मेमध्ये जातात. तेव्हा काळा, तापलेला कातळ दिसतो. सातबाऱ्यावरही अनेकदा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, लिहिलेलं असतं, मग तिथे काही जगतं असं मनातच येत नाही. तोच सडा पाऊस लागल्यावर बघा. कातळाच्या खळग्यांत साचलेल्या बोटभर मातीतून कोकण दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ती कोकणाच्या पट्ट्याबाहेर सापडत नाही. पुढे गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात. या मातीत पोषण इतकं कमी, की सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगतात! सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची पाल राहते, तीही इथलीच. खाण उघडताना सगळ्यात आधी हाच वरचा थर खरवडला जातो आणि दिपकाडीचे कंद त्यातच असतात. नंतर खड्डा भरून कलमं लावली, तर बाग होते. सडा होत नाही.

म्हणून आधी मोडलेल्या घरांचे चिरे शोधा. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींचे चिरे बरेचसे अखंड सुटतात, सिमेंटमधले फुटतात. ते तासून घ्यायला गवंड्याचा वेळ जातो, ती मजुरी अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा. नंतर सांगितलं की मालक नवाच चिरा मागतो.

नवा घ्यावाच लागला तर चालू खाणीचा घ्या, कोरा सडा फोडणाऱ्याचा नको. २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ५ हेक्टरांखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. तिची प्रत निःसंकोच मागा. सोबत वनस्पतींची यादी असेल तर आधी पाहणीची तारीख वाचा. मार्चमधल्या पाहणीत दिपकाडी दिसणारच नाही. अशा यादीवर मी चिरा ठरवत नाही, पावसात स्वतः जाऊन येतो.