पन्नाशीजवळ आल्यावर वर्षभर केशरचना बदलताना या चुका टाळा

वयाच्या 48 व्या वर्षी, गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी कमरेपर्यंतची वेणी खांद्यापाशी कापली आणि पुढच्या पाडव्यापर्यंत केसांची ठेवण आणखी चार वेळा बदलली. आधी स्टेप कट केला, मग कपाळावर झुलपे घेतली, गणपतीच्या सुमारास गडद रंग लावला आणि जानेवारीत केस अगदी आखूड करून पांढरे केस तसेच राहू दिले. यांतले दोन बदल मनासारखे झाले. उरलेले तीन निस्तरावे लागले आणि त्यात कित्येक महिने गेले, कारण डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम पंधरा सेंटिमीटर वाढतो. वर्षभराच्या प्रयोगाला हाताशी असलेले भांडवल एवढेच आहे, आणि ते कोणत्या क्रमाने खर्च करावे याचा विचार न करणे ही माझी मूळ चूक होती.

जुन्या फोटोवरून केस कापून घेणे

मी स्टेप कट मागितला तो माझ्याच लग्नाआधीच्या फोटोवरून. तेव्हा वेणीचा घेर मुठीत मावत नसे. चाळिशीनंतर, विशेषतः पाळी अनियमित होऊ लागते त्या काळात, इस्ट्रोजेनचे प्रमाण कमी होत जाते, केस वाढण्याचा टप्पा आखूड होतो आणि अनेकींच्या बाबतीत प्रत्येक केस पूर्वीपेक्षा बारीक उगवतो. दुसरीकडे पांढरा केस पुष्कळदा कोरडा आणि ताठर असतो. म्हणजे एकाच डोक्यावर आता दोन प्रकारचे केस असतात. पायऱ्या पाडून कापले की खालच्या टोकांना उरतात त्या मोजक्या बटा; दाट केसांत ज्या कापामुळे हलकेपणा येतो, त्याच कापामुळे विरळ केसांतून खांदे दिसू लागतात. यावर उपाय म्हणून आणखी पायऱ्या पाडून घेऊ नयेत. सर्वांत आखूड पायरी थोडी वाढू द्यावी आणि दर सहा-आठ आठवड्यांनी खालची कड सरळ रेषेत छाटून घ्यावी. सरळ, बोथट कडेमुळे बारीक केसही भरीव दिसतात.

म्हणून पार्लरची वेळ घेण्याआधी केस धुऊन, तेल न लावता, आपोआप वाळू द्यावेत आणि दिवसाच्या उजेडात घरातल्या कोणाकडून तरी डोक्याचा वरून एक फोटो काढून घ्यावा. भांग मागच्यापेक्षा पुढे रुंद झाला असेल, किंवा त्वचा सहज दिसत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि मग कात्रीकडे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ते बहुधा सांगतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक मानले जाते. मात्र मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा जेवण फार तोडून घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम मुठीने गळू लागतात. तो काळ कोणत्याही प्रयोगाचा नव्हे. ही गळती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते, पण तोवर लावलेल्या प्रत्येक रंगाला आणि शाम्पूला आपण उगाच दोष देत राहतो.

जे परत फिरवता येत नाही ते आधी करणे

कापलेला केस वाढतो, पण रसायनाने बदललेला केस पूर्ववत होत नाही, तो कापूनच काढावा लागतो. त्यामुळे आधी लांबी, मग भांग आणि झुलपे, त्यानंतर रंग, आणि स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करणे, करायचेच असेल तर सर्वांत शेवटी, हा क्रम मला योग्य वाटतो. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी नेमके उलटे केले. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी आपले कुरळे केस सरळ करून घेतले. या प्रक्रियेत केसांमधील प्रथिनांना जोडणारे गंधकाचे बंध रसायनाने तोडून उष्णतेने नव्या आकारात बसवले जातात, पण मुळाशी उगवणारा केस त्याच्या जन्मजात वळणानेच येतो. चार महिन्यांनी त्यांच्या डोक्यावर वर चार-पाच सेंटिमीटर कुरळे आणि खाली सपाट, अशी स्पष्ट सीमारेषा दिसू लागली आणि त्या रेषेवरच केस तुटू लागले. अशा वेळी पुन्हा तीच प्रक्रिया सगळ्या केसांवर करणे हे सर्वांत घातक ठरते. रेषेपाशी ओढ बसू न देणे, ओले केस जाड दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवणे आणि सपाट भाग दर दोन महिन्यांनी थोडाथोडा कापत जाणे, हाच मार्ग उरतो. त्यांना त्यात दीड वर्ष लागले.

केस सरळ करणाऱ्या काही द्रावणांमधून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. डोळे चुरचुरत असतील आणि खोलीला खिडकी नसेल, तर मधूनच उठून जाण्यात संकोच बाळगू नये.

ओल्या केसांवर झुलपे कापणे, आणि तीही पावसाळ्याच्या तोंडावर

ही चूक मी सविस्तर सांगते, कारण ती अगदी सहज घडते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. चिपळूणला दुपारी असा घामट उकाडा होता की पंख्याखालीही कपाळ ओले राहत होते. पार्लरमधल्या मुलीने केस धुतले, बारीक फणीने पुढचे केस कपाळावर सरळ खाली ओढले आणि बोटांच्या चिमटीत धरून विचारले, "ताई, भुवईपर्यंत घेऊ ना?" मी हो म्हटले. कात्री फिरली, ओल्या बटा मांडीवरच्या कापडावर पडल्या आणि आरशात ओळ अगदी रेखीव दिसली. केस वाळू लागले तशी ती ओळ हळूहळू वर चढली आणि भुवईच्या वर दोन बोटे जाऊन थांबली. उजव्या कोपऱ्यातली एक बट तर सरळ उभी राहिली, कारण तिथे कपाळाच्या कडेला माझा भोवरा आहे. लहानपणी आई तिथेच तेलाचा हात फिरवून भांग पाडत असे, हे मला तेव्हा आठवले.

ओला केस ताणला जातो आणि लांब भासतो. वाळताना तो आपल्या वळणावर जातो, आणि वळण जितके जास्त तितका तो अधिक आखडतो. शिवाय दमट हवेतले पाणी केसांतील कमकुवत हायड्रोजन बंध सतत मोडत आणि जोडत असते, त्यामुळे सकाळी ड्रायरने बसवलेली झुलपे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जूनमध्ये दुपारपर्यंत टिकत नाहीत. म्हणून झुलपे कोरड्या केसांवरच कापून घ्यावीत, पहिल्या वेळी नाकाच्या शेंड्यापर्यंत ठेवावीत, आठवडाभर वापरून पाहावीत आणि मग हवी तेवढी वर न्यावीत. भोवरा असेल तर तो बोट ठेवून दाखवावा. कापणाऱ्या व्यक्तीला तो ओल्या केसांत दिसत नाही.

आखूड झालीच, तर केवळ त्या बटांची मुळे पुन्हा ओली करून, फणीने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे सपाट विंचरत मंद गरम हवेने वाळवावीत. भोवऱ्याचा जोर बऱ्यापैकी मोडतो. चार-सहा आठवड्यांत ती भांगाच्या कडेला वळवून पिनेखाली बसतात. मधल्या काळात घरच्या कात्रीने "जरा सारखी" करण्याचा मोह आवरावा. दरवेळी ओळ आणखी वर जाते, एवढेच त्यातून होते.

"थोडेसेच काप" असे सांगणे

थोडे म्हणजे किती, हे दोन माणसांच्या मनात कधीच सारखे नसते. बॉब, लेयर्स, यू कट या शब्दांचेही अर्थ पार्लरगणिक बदलतात. स्वतःच्या मानेवर बोट ठेवून "वाळल्यावर केस इथे यायला हवेत" असे सांगावे, आणि फोटो दाखवायचा तर आपल्याच वयाच्या व आपल्यासारख्याच पोताच्या केसांचा दाखवावा.

पॅच टेस्टशिवाय रंग, आणि काळ्या मेंदीवर विश्वास

माझ्या वर्षातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच. "हर्बल काळी मेंदी" असे लिहिलेले पाकीट मी निर्धास्तपणे वापरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कानांमागे पुरळ आणि पापण्यांवर सूज आली. शुद्ध मेंदीचा रंग काळा नसतोच. पांढऱ्या केसावर ती नारिंगी-तांबडी चढते. एका मिश्रणात तासाभरात काळेभोर केस होत असतील, तर त्यात बहुधा पॅरा-फेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी हे रसायन असते. अनेक पक्क्या रंगांतही ते असते, आणि त्याची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षे रंग लावणाऱ्या व्यक्तीलाही अचानक उद्भवू शकते. "अमोनियारहित" या शब्दाचा पीपीडीशी काहीही संबंध नाही. म्हणून प्रत्येक वेळी, रंग ओळखीचा असला तरी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून 48 तास वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर तो रंग कायमचा वर्ज्य समजावा. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला तर तातडीने दवाखाना गाठावा.

वनस्पतीचाच गडद रंग हवा असेल तर काम दोन टप्प्यांत करावे लागते. आधी मेंदी दोन-तीन तास, ती पूर्ण धुऊन काढल्यावर कोमट पाण्यात नुकतीच कालवलेली नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पावडर, तास-दीड तास. नीळ रात्रभर भिजवून ठेवली तर तिचा जोर जातो. धुतल्याबरोबर केस हिरवट दिसले तर घाबरून पुन्हा लेप लावू नये. हवा लागून रंग एक-दोन दिवसांत गडद होतो आणि तोवर शाम्पू लावायचा नसतो. कंगव्यात निघालेल्या केसांची एक बट बांधून त्यावर आधी हा सगळा प्रयोग करून पाहिला, तर डोक्यावर काय होणार आहे ते कळते. आधी कोणती मेंदी लावली आहे हे रंगवणाऱ्या व्यक्तीपासून लपवू नये, कारण धातूंचे क्षार असलेल्या मेंदीवर ब्लीच पडले तर केस तापून तुटू शकतात.

रंग फार काळा झाला, तर त्यावर फिकट रंग लावून तो उतरत नाही. रंगाने रंग निघत नाही, हे मला पार्लरमधल्या जाणत्या ताईंनी दोनदा समजावून सांगितले. नेहमीच्या शाम्पूने काही आठवडे धुऊन तो थोडा मवाळ होऊ द्यावा. मी सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत काहीच लावले नाही. मुळाशी पाच सेंटिमीटर रुपेरी केस आल्यावर त्याच लांबीवर सगळे केस कापून घेतले आणि काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा एका बैठकीत गेली. रंग सोडायचा आहे आणि आखूड केसही करून पाहायचे आहेत, तर हे दोन्ही बदल एकत्र करणे सर्वांत सोयीचे ठरते.

बेसिनवर मान फार मागे टाकणे

1993 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यूरॉलॉजिस्टने पार्लरच्या बेसिनवर मान मागे ताणल्यानंतर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडल्याची लक्षणे दिसलेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली होती. असे क्वचितच घडते, पण मानेचा त्रास, चक्कर किंवा रक्तदाब असेल तर मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी मागून घ्यावी, किंवा केस घरूनच धुऊन जावे. एवढी मागणी करण्यात भीड कसली?

केस बदलले तरी निगा जुनीच ठेवणे

कमरेपर्यंतच्या केसांना लागणारे वाटीभर तेल पाच सेंटिमीटरच्या केसांवर चोपडले की ते टाळूवरच साचते, आणि कोंडा तेलकट, पिवळसर असेल तर तो वाढतो. खोबरेल तेल वाईट नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेळे आणि मोहिले यांच्या अभ्यासात सूर्यफूल आणि खनिज तेलाच्या तुलनेत खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाल्याचे दिसले होते. आखूड केसांना धुण्याआधी तासभर अर्धा चमचा पुरे. जाऊबाईंच्या लातूरच्या घरी बोअरचे जड पाणी येते; तिथे केस राठ वाटू लागले तर दोष कापाचा नसून पाण्यातल्या क्षारांचा असतो. केस शेवटी साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुतले की फरक जाणवतो.

पहिल्या आठवड्यातल्या बोलण्यावरून निर्णय फिरवणे

जानेवारीत मला पाहून आत्याबाईंनी हातातले तांदूळ पाखडायचे सूप खाली ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "बरं आहे ना गं सगळं?" त्यांच्या मनात एकतर मोठे आजारपण आले होते, किंवा त्याहून जुने काही. आपल्याकडे प्रौढ स्त्रीच्या आखूड केसांना केशवपनाची सावली आहे. विधवांचे केस काढणार नाही असे मुंबईतल्या नाभिक समाजाने 1890 मध्ये सभा घेऊन ठरवले, यावरून ती प्रथा तेव्हा किती रुळलेली होती हे कळते, आणि तिच्या आठवणी आजी-पणजींच्या बोलण्यातून आत्याबाईंच्या पिढीपर्यंत पोहोचलेल्या आहेत. म्हणून अशा प्रश्नाचा राग न धरता शांतपणे सांगावे. मी त्यांना माझे रक्ताचे रिपोर्टही दाखवले. तीन आठवड्यांनी त्याच म्हणाल्या की मान मोकळी दिसते. नवा काप डोक्यावर बसायला आणि डोळ्यांना सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच; त्याआधी घाईने दुसरा रंग किंवा काप केला, तर पहिला कसा होता हे कधीच कळत नाही.

वाढवताना सगळे केस सारखेच सोडून देणे

आखूड केस पुन्हा वाढवायचे असतील तर मानेवरचे केस आधी लांब दिसू लागतात आणि डोक्यावरचे मागे पडतात. दर सहा आठवड्यांनी फक्त मानेकडचे छाटावे, वरच्या केसांना हात लावू देऊ नये. कानांवरचे केस रबरने घट्ट ओढून बांधू नयेत. कडेचे बारीक केस सतत ओढले गेले तर ते कायमचे जाऊ शकतात. त्याऐवजी दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर, नागमोडी बाजू डोक्याकडे करून लावाव्यात. निसरड्या, बारीक केसांत त्या दिवसभर टिकतात. या पाडव्याला केस सात-आठ सेंटिमीटरच होते, अंबाड्याचा प्रश्नच नव्हता, तरी उजव्या कानामागे अशीच फुली घालून तिच्यात मी अबोलीचा छोटा वळेसर अडकवला आणि तो गुढी उतरवेपर्यंत जागचा हलला नाही.