धडक झाली, पण चूक कुणाची? मोटोजीपीचा रीप्ले असा बघा

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीत शेवटच्या लॅपला दोन बाइक घासल्या की लगेच दोन तट पडतात: एकाला शिक्षा हवी असते, दुसऱ्याला हीच खरी रेसिंग वाटते. स्पर्श झाला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. नियमात फक्त इतकंच आहे की रायडरनं जबाबदारीनं चालवावं, इतरांना धोका होऊ नये. चाक किती पुढं आलं की वळण तुमचं, याचं माप कुठंही दिलेलं नाही. ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

कॉमेंट्रीचा आवाज बंद करा आणि आधी हेलिकॉप्टरचं चित्र बघा. बाइकवरच बसवलेल्या ऑनबोर्ड कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते, त्यात पुढची बाइक आहे त्याहून लांब दिसते. पुढचा रायडर वळणात बाइक झुकवायला लागतो त्या क्षणी चित्र थांबवा. मागच्याचं पुढचं चाक त्या वेळी कुठं आहे? पुढच्याच्या गुडघ्याच्या बरोबरीनं असेल, तर त्याला शेजारी कुणीतरी आहे हे कळायला वाव होता. नुसतं मागच्या चाकापाशी असेल, तर त्याला काही दिसत नाही आणि जोखीम सगळी घुसणाऱ्याची.

मग सर्वांत उपयोगी चाचणी. पुढची बाइक बोटानं झाका आणि बघा: घुसणारा एकटा असता तर ते वळण ट्रॅकवर राहून पूर्ण करू शकला असता का? ब्रेक सोडून, एपेक्सजवळून (वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूजवळून), आपल्या लाइनवर, म्हणजे ठरलेल्या वाटेवर? की थांबायला त्याला दुसऱ्याच्या बाइकचीच भिंत लागली? स्पेनमधल्या हेरेथ ट्रॅकचं शेवटचं डावं वळण अभ्यासाला उत्तम. २००५ मध्ये रॉसी तिथं जिबेर्नाऊच्या आत घुसला, २०१३ मध्ये मार्केझ लोरेन्झोच्या. दोन्ही वेळा धक्का लागला, दोन्ही वेळा बाहेरचा रायडर वळणाबाहेर लांब गेला आणि शिक्षा एकालाही झाली नाही. कारण आतली जागा उघडी होती. आमच्या मते २०१३ ची घटना जास्त स्वच्छ आहे. २००५ मध्ये जिबेर्नाऊ आधीच वळायला लागला होता.

याउलट अर्जेंटिना, २०१८. अर्धवट वाळलेल्या ट्रॅकवर मार्केझ आत घुसला आणि रॉसीला गवतावर ढकलून पाडलं. कोरड्या पट्ट्याबाहेर पकड नसते, म्हणजे उशिरा ब्रेक लावणाऱ्याकडं चूक सुधारायला काही उरतच नाही. ३० सेकंदांच्या शिक्षेनं तो पाचव्यावरून अठराव्या क्रमांकावर गेला.

दरवेळी माणूस बेदरकार असतो असंही नाही. पुढच्याच्या अगदी मागं गेलं की हवेचा अडथळा कमी होतो, म्हणून त्याच जागी ब्रेक लावूनही बाइक कमी मंदावते आणि पुढच्याकडं ओढली जाते. पुढच्या टायरला गार हवा मिळत नाही, त्याचा दाब चढतो, रबराची जमिनीवरची पकड घटते आणि चाक लॉक होतं. मिशेलिनच्या पुढच्या टायरला २०२४ पासून किमान १.८ बार (दाबाचं एकक) दाब बंधनकारक आहे. रहदारीत दाब वाढणार म्हणून संघ सुरुवातीचा दाब कमीच ठेवू पाहतात; हा हिशेब चुकला की ब्रेकिंगमध्ये भोगावं लागतं. म्हणून बाजूला सरकून हवा घेत येणारा रायडर आणि थेट मागून आदळणारा रायडर एकाच मापानं मोजू नका.

सरळ पट्ट्यावरच्या आडवं येण्याला मात्र सबब नाही. २०२१ मध्ये ऑस्टिनला मोटो३ या छोट्या बाइकच्या गटात डेनिझ ओंजूनं सरळ रेषेवर लाइन बदलली, त्याचं मागचं चाक अल्कोबाच्या पुढच्या चाकाला लागलं आणि मागून येणारे अकोस्टा व मिन्यो पडलेल्या बाइकवर आदळले. दोन शर्यतींची बंदी. फेनातीनं २०१८ मध्ये मिसानोला २०० किमीपेक्षा जास्त वेगात मान्झीचा ब्रेक लिव्हर दाबला, ती तर ओव्हरटेकिंगची घटनाच नव्हे. हेतूचा प्रश्न सेपांगला, २०१५ मध्ये सर्वांत अवघड झाला: रॉसीनं वेग कमी करत मार्केझला बाहेर नेलं, मार्केझ पडला. रॉसीला तीन पेनल्टी पॉइंट, आधीचा एक धरून चार, आणि व्हॅलेन्सियाला शेवटच्या जागेवरून सुरुवात.

शिक्षेची पायरीही बघा: जागा सोडणं, लाँग लॅप, दुहेरी लाँग लॅप, राइड-थ्रू (पिट लेनमधून संथ वेगानं जाणं), बाद. लाँग लॅप म्हणजे वळणाच्या बाहेरची आखलेली लांब वाट. बहुधा दोन-तीन सेकंद जातात आणि सूचना दिसल्यावर तीन लॅपमध्ये ती घ्यावी लागते.

शेवटी स्टुअर्डचा, म्हणजे शिक्षा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, कागद शब्दशः वाचा. पोर्तिमाओला, २०२३ मध्ये मार्केझचं पुढचं चाक लॉक झालं, तो मार्टिनला घासून ऑलिव्हेराला धडकला. दुहेरी लाँग लॅप मिळाली, पण कागदावर 'अर्जेंटिना' लिहिलं होतं. हात मोडल्यानं तो तिथं उतरलाच नाही. शिक्षा पुढच्या शर्यतीवर ढकलायचा प्रयत्न झाला, त्याच्या होंडा संघानं अपील केलं आणि ती रद्द झाली.