व्याध आणि अगस्त्य : लॉग टेबलावर ताऱ्यांचं तेज आणि अंतर

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊला दक्षिणेकडे तोंड करा. वर ठळक दिसतो तो व्याध, त्याच्याखाली क्षितिजाकडे अगस्त्य. या जोडीवर हात बसला की बाकीचे तारे सोपे जातात. बारावीचं लॉग टेबल पुरे. मोबाइल वापरणार असाल तर ‘लॉग’चं बटण दाबा, शेजारचं ‘एलएन’ नको.

१. प्रती लिहून घ्या. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आणि पृथ्वीवरून दिसते ती दृश्य प्रत. व्याधाची दृश्य प्रत −1.46, अगस्त्याची −0.74. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. डोळ्यांनी अंदाज करत बसू नका. जळगाव-धुळ्याकडून अगस्त्य जेमतेम 16 अंश वर चढतो आणि तिथल्या जाड हवेतून, धुळीतून सहज अर्धी प्रत मंद दिसतो. तोरणमाळला गेलात तर आकाश काळंभोर मिळेल, पण तुम्ही उत्तरेला सरकल्यामुळे अगस्त्य आणखी थोडा खालीच जाईल.

२. तेजाची तुलना. प्रतींतला फरक 0.72. त्याला 2.5 ने भागा : 0.288. अँटीलॉग 1.94. म्हणजे व्याध जवळपास दुप्पट तेजस्वी दिसतो. फरकाला 2.5 ने गुणायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसनने 1856 मध्ये बसवलेल्या मापात 5 प्रती म्हणजे 100 पट. गुणाकाराने साडेबाराच येतील.

३. अंतर. खरी मेख इथे आहे. तारा 10 पार्सेकवर (पार्सेक हे ताऱ्यांच्या अंतराचं एकक) ठेवला तर जी प्रत दिसेल ती निरपेक्ष प्रत. व्याधाची 1.43, अगस्त्याची −5.63. दृश्य प्रतीतून निरपेक्ष प्रत वजा करा आणि आता 5 ने भागा. 2.5 ने नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, लॉग घेतला की वर्गाचा 2 पुढे येतो आणि अडीचाचे पाच होतात. हे समजून घेतलंत तर सूत्र पाठ करायची गरज नाही.

अगस्त्याचं सरळ जातं : 4.89 भागिले 5, म्हणजे 0.978. अँटीलॉग 9.5, गुणिले 10, म्हणजे 95 पार्सेक. एका पार्सेकला 3.26 प्रकाशवर्षं धरून सुमारे 310 प्रकाशवर्षं.

व्याध मात्र छळतो. −1.46 वजा 1.43 म्हणजे −2.89, भागिले 5, −0.578. आता टेबलात .578 शोधाल तर फसाल. 3.784 सापडेल, दशांशचिन्ह सरकवून 3.78 पार्सेक लिहाल आणि तारा 12 प्रकाशवर्षांवर जाऊन बसेल. उत्तर वेडंवाकडं दिसत नाही, म्हणून चूक पकडलीही जात नाही. टेबलात फक्त धन अपूर्णांक असतात. म्हणून −0.578 हे −1 अधिक 0.422 असं मोडा (वहीत एकावर बार देतात तेच हे). .422 चा अँटीलॉग 2.642, −1 मुळे 0.2642, गुणिले 10 म्हणजे 2.64 पार्सेक. 8.6 प्रकाशवर्षं.

बारची कटकट नको असेल तर भागण्याआधीच 5 मिळवा : 2.11 भागिले 5, थेट 0.422. मग शेवटी दहाने गुणायची गरज नाही. माझं मत विचाराल तर नवख्याने हीच वाट धरावी.

४. खरं तेज. निरपेक्ष प्रतींतला फरक 7.06, पुन्हा 2.5 ने भागा, अँटीलॉग : सुमारे 667. आकाशात व्याधापुढे फिका वाटणारा अगस्त्य मुळात इतक्या पटीने तेजस्वी आहे.

सरावाला रोहिणी घ्या : दृश्य प्रत 0.86 आणि निरपेक्ष −0.65. उत्तर 20 पार्सेकच्या आसपास यायला हवं. शेजारच्या आर्द्रेला मात्र हात लावू नका. तिचं तेज बदलत असतं. 2020 च्या फेब्रुवारीत तिची प्रत 1.6 च्या आसपास घसरली होती. तक्त्यातला आकडा आणि त्या रात्रीची आर्द्रा यांचा मेळ बसेलच असं नाही.