मिनॉक्सिडिल केसांना नको, टाळूला लावा

केस गळतीवर डॉक्टरांनी दिलेलं मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध बरेचदा केसांवरच वाळतं, टाळूपर्यंत पोचतच नाही.

१. डोकं पूर्ण कोरडं हवं. तेल तर नकोच.
२. कंगव्याच्या टोकाने विरळ जागी भांग पाडा, ड्रॉपरने भांगाच्या रेषेत थेंब सोडा आणि बोटाने हलकेच पसरवा. मग अर्धा इंच बाजूला दुसरा भांग. एका वेळचं १ मिली असंच संपवायचं.
३. हात साबणाने धुवा.

रात्री झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर औषध उशीलाच लागतं. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळले तरी बंद करू नका, फरक दिसायला ४ ते ६ महिने जातात.

घरात मांजर असेल तर फार जपा. हे औषध चाटलं तर तिच्या जिवावर बेतू शकतं.